लेख चांगला, पण सापडत नाही

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यावर कोणीतरी मराठीत मन लावून लेख लिहिला असं समजा. दिवाण भाऊ तांबेकरांचं घर, एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं, लाकडी खांब, सगळं बारकाईनं टिपलेलं. शीर्षक दिलं, ‘भिंती बोलू लागतात तेव्हा...’. फोटो चढवले, लिंक घरच्या ग्रुपवर टाकली, चार जणांनी अंगठे दाखवले. सहा महिन्यांनी आकडा बघितला तर वाचक चाळीस, त्यातले अर्धे नात्यातले.

लेखात काही कमी होतं म्हणून असं झालं नाही. पुण्याहून दोन दिवसांसाठी बडोद्याला येणारा माणूस भिंती बोलतात का ते शोधत नाही. तो ‘तांबेकर वाडा’ टाकतो, किंवा ‘बडोद्यात काय बघायचं’. ज्या शब्दांनी तो शोधतो ते शब्द शीर्षकात नाहीत, पत्त्यात नाहीत, पहिल्या चार ओळींतही नाहीत. लिखाण कपाटात आहे, पण कपाटावर चिठ्ठी भलतीच लावली आहे.

नाव एक, रूपं पाच

आपल्या शहराचंच नाव घ्या. जुन्या पुस्तकांत बडोदे, बोलताना बडोदा, सरकारी कागदावर वडोदरा, बँकेच्या नावात बरोडा, आणि रेल्वे स्टेशनचा कोड अजूनही बीआरसी. नाशिकचा वाचक बडोदा लिहील, इथला कॉलेजातला मुलगा वडोदरा लिहील, आणि दोघंही बहुतेक वेळा रोमन अक्षरांत लिहितील. घरात मराठी आणि शाळा गुजराती किंवा इंग्रजी, अशा घरांतल्या मुलांना देवनागरी वाचता येते, पण कीबोर्डवर बोटं रोमनकडेच जातात. रोमनमधलं देवनागरीशी जुळवण्याचं काम गूगल बऱ्यापैकी करतं. बडोदे आणि वडोदरा हे एकच गाव आहे हेही त्याला बहुधा कळतं. पण त्या भरवशावर बसण्यापेक्षा दोन्ही नावं लेखात असलेली बरी.

ती आणायची कशी? शीर्षकात एक रूप, पहिल्या परिच्छेदात दुसरं, फोटोखालच्या ओळीत गरज पडली तर तिसरं. ‘बडोदा बडोदे वडोदरा बरोडा’ अशी माळ लेखाच्या शेवटी ओवून ठेवू नका. शोधयंत्रं याला भरताड समजतात, आणि वाचणाऱ्यालाही ते कसंतरीच वाटतं.

मराठीत याहून मोठी अडचण विभक्तीची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही. आपण ‘वाडा’ क्वचितच लिहितो. लिहितो ते वाड्यात, वाड्याच्या, वाड्यातली. ‘बडोदे’ची बडोद्यात, बडोद्याला, बडोद्याहून अशी रूपं होतात. शब्दाचं मूळच बदलतं. शोधणारा मात्र सरळ रूप टाकतो, कारण सर्चमध्ये कोणी वाक्य बोलत नाही. संपूर्ण लेखात ‘तांबेकर वाडा’ हे दोन शब्द सुट्या, प्रत्यय न लागलेल्या रूपात एकदाही आले नाहीत, असं सहज होऊ शकतं. बदलत्या रूपांची जोडणी इंग्रजीत यंत्राला जितकी जमते तितकी मराठीत दर वेळी जमेलच असं नाही. म्हणून शीर्षकात नाव मूळ रूपात ठेवायचं: ‘तांबेकर वाडा, बडोदे: भित्तिचित्रं, वेळ आणि कसं जायचं’. तुमचं काव्यमय शीर्षक आवडतं असेल तर ते आतल्या उपशीर्षकाला द्या, तिथे ते शोभतं.

शीर्षकातले पहिले पाच-सहा शब्द सर्वांत मोलाचे. निकालांच्या यादीत शीर्षक रुंदीनुसार कापलं जातं. इंग्रजीत साधारण ५५ ते ६० अक्षरं दिसतात. देवनागरीत जोडाक्षरं आणि काने जागा खातात, त्यामुळे हिशोब आणखी हात राखूनच करावा. ‘आपल्या ऐतिहासिक सांस्कृतिक वारशाचा मानबिंदू असलेला’ अशी सुरुवात केली तर वाड्याचं नाव येईपर्यंत तीन टिंबं येतात.

दिसतं तेच असतं असं नाही

गावातल्या जुन्या मंडळांकडे, ट्रस्टांकडे आणि छापखान्यांकडे मराठी मजकुराचा साठा असतो, पण तो बराचसा श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टांत. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘वाडा’ दिसतो, प्रत्यक्षात फाइलमध्ये मात्र कुठलीतरी रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. ती तशीच चिकटवली तर वाचणाऱ्याच्या मोबाईलवर कचरा दिसतो आणि शोधयंत्रालाही कचराच मिळतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनना आणि यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या. कन्व्हर्टर फुकट मिळतात. बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासा, कारण मोडतात ती हीच.

युनिकोडमध्येही एक चोरखड्डा आहे. ‘ऑ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, पण काही जण आधी ‘आ’ टाइप करून त्यावर चंद्र ठेवतात. ‘ॲ’चंही तसंच. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द आहेत. परीक्षा सोपी आहे: आपलंच पान उघडा, ब्राउझरच्या ‘पानात शोधा’ खिडकीत ‘ऑफिस’ टाइप करा. समोर शब्द दिसतोय आणि खिडकी शून्य दाखवतेय, तर टायपिंग चुकलंय.

आणि लेखाचा फोटो काढून टाकणं, म्हणजे अंकातल्या पानाचं स्कॅन किंवा रंगीत पार्श्वभूमीवर छापलेला मजकूर, हा वाचक घालवण्याचा सर्वांत हमखास मार्ग. मोबाईलवर तो चिमटीनं मोठा करत वाचावा लागतो. दृष्टिहीन वाचकाचं यंत्र तो वाचत नाही. शोधातही त्याचा भरवसा नाही. स्कॅन ठेवायचाच असेल तर खाली टाइप केलेला मजकूर हवा.

टक्का-ई-शून्य

आता लेखाच्या पत्त्याकडे, म्हणजे लिंककडे या. पत्त्यात देवनागरी ठेवली तर ब्राउझरमध्ये वर ती छान दिसते. कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवली की तिचं रूप पालटतं. प्रत्येक देवनागरी चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. एकट्या ‘त’चं होतं टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-चार. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. ‘तांबेकर-वाडा’ यात अकरा चिन्हं आणि एक आडवी रेघ, म्हणून पत्त्याचा एवढाच तुकडा बरोबर १०० अक्षरांचा, आणि शीर्षकाचे बाकीचे शब्द अजून यायचेच आहेत. पाहणाऱ्याला वाटतं काहीतरी फसवणुकीची लिंक आली. तो ती उघडत नाही, आणि आजकालचे फसवणुकीचे प्रकार पाहता त्याचं चुकत नाही.

वर्डप्रेस या लेख प्रकाशित करण्याच्या साधनावर याला आणखी एक शेपूट आहे. तिथे लेखाचं पत्त्यातलं नाव २०० अक्षरांपर्यंतच साठवलं जातं, म्हणजे देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं. पुढचं शीर्षक कापलं जातं. ब्लॉगर या तशाच दुसऱ्या साधनावर उलटी तऱ्हा: तो देवनागरी अक्षरं टाकूनच देतो आणि मागे ‘ब्लॉग-पोस्ट’ एवढाच निरर्थक पत्ता उरतो, पुढे एखादा आकडा.

उपाय दोन्हीकडे एकच. पत्ता स्वतः, रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत लिहा: तांबेकर, वाडा, वडोदरा, मध्ये आडव्या रेघा. ब्लॉगरमध्ये लेखाच्या उजव्या बाजूला पर्मालिंक (म्हणजे लेखाचा पत्ता) आणि त्यात कस्टम पर्मालिंक आहे. हे प्रकाशित करण्याआधी करायचं. नंतर पत्ता बदलला तर आधी वाटलेल्या लिंका मरण्याची भीती. वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेतं. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधल्या ‘एरर्स अँड रीडायरेक्ट्स’मध्ये जाऊन जुना-नवा पत्ता हातानं जोडावा लागतो. पत्त्यात वर्ष घालू नका. ‘गणेशोत्सव-२०२४’ असा पत्ता पुढच्या वर्षी शिळा होतो. ‘बडोदे-गणेशोत्सव’ हाच पत्ता ठेवून दर वर्षी आतला मजकूर ताजा केला तर जुन्या लिंकांचं पुण्य वाया जात नाही. आणि असा सणाचा लेख सणाच्या महिना-दीड महिना आधी तयार हवा. चतुर्थीच्या आदल्या रात्री टाकलेला लेख शोधात पोहोचेपर्यंत विसर्जन होऊन जातं.

गूगलला देवनागरी पत्ता चालतो, तिथे काही अडत नाही. ही सगळी खटपट लिंक हातात घेणाऱ्या माणसासाठी आहे.

पेटी घेऊन जाणं

बडोद्याला वाचक मिळवण्याचा जुना सराव आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं. पुस्तकांच्या कपाटांपर्यंत वाचकाला जाऊ दिलं, आणि जिथे ग्रंथालय नव्हतं त्या गावी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. एका गावची वाचून झाली की ती पेटी पुढे. या कामासाठी १९१२ मध्ये निघालेलं नियतकालिकही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत होतं. वाचक येईल अशी वाट बघत कोणी बसलं नव्हतं.

आजची पेटी म्हणजे व्हॉट्सॲप, आणि ती पाठवायची पद्धत बहुतेकांची चुकते. लिंक टाकली की तिच्यावर फोटो, शीर्षक आणि एक ओळ असलेला छोटा चौकोन येतो. तो चौकोन पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो. नेट मंद असेल आणि लिंक चिकटवल्याबरोबर बाणाचं बटण दाबलं तर चौकोन तयार व्हायच्या आत नुसती निळी ओळ निघून जाते. दोन-तीन सेकंद थांबा, चौकोन दिसला की पाठवा. एवढ्या एका सवयीनं लिंक उघडली जाण्याची शक्यता वाढते, आणि याला पैसा लागत नाही.

चौकोन येतच नसेल तर बहुधा फोटो जड आहे. लेखाचा मुख्य फोटो १२०० बाय ६३० पिक्सेल आणि ३०० केबीच्या आत ठेवा. फोटोवर मोठी अक्षरं छापू नका. चौकोनात तो अंगठ्याएवढा दिसतो. फोटो बदलला तरी जुनाच येत राहिला तर फेसबुकचं शेअरिंग डीबगर नावाचं फुकट साधन आहे, तिथे पत्ता टाकून पुन्हा वाचायला सांगता येतं. तो इलाज फेसबुकपुरता. व्हॉट्सॲपवर फोनमधली जुनी आठवण जायला थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.

लिंकबरोबर काय लिहायचं? पूर्ण लेख चिकटवलात तर तो तिथेच वाचला जाईल, आवडला तर नाव कापून पुढे जाईल, आणि तुमच्या पानावर कोणी येणार नाही. ‘जरूर वाचा’ एवढंच लिहिलंत तर तेही नाही. हे दोन शब्द रोज दहा वेळा वाचून लोकांची नजर मेली आहे. लेखातली एक नेमकी गोष्ट सांगा. ‘रावपुऱ्यातल्या एका वाड्याच्या भिंतींवर दीडशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. कुठल्या खोलीत काय बघायचं ते लिहिलंय.’ दोन ओळी पुरे.

पाठवायचं कोणाला, हाही प्रश्न आहेच. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. बाकीच्यांना काही मिळत नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही. नव्या वाचकाला आधी नंबर साठवायला सांगा. फॉरवर्डचीही मर्यादा आहे: एका वेळी पाच ठिकाणी, आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का बसला की एकाच ठिकाणी. म्हणून ‘सगळीकडे पाठवा’ म्हणण्यापेक्षा नेमक्या ग्रुपच्या नेमक्या माणसाला पाठवणं सरस. वाड्यावरचा लेख इतिहासाच्या ग्रुपवर चालेल. सोसायटीच्या पाण्याच्या ग्रुपवर टाकलात तर लोक तुमचं पुढचं काहीच उघडणार नाहीत.

आला, पण थांबला नाही

वाचक पानावर आला तरी काम अर्धंच झालं. मोबाईलनं काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे आठ फोटो जसेच्या तसे चढवले तर पान तीस एमबीचं. गूगलच्या मापात पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर बरा. फोटोची रुंदी १२०० पिक्सेल करा, जेपीजीचा दर्जा ७५-८० ठेवा. दीड-दोनशे केबीत काम होतं. स्क्वूश नावाच्या फुकट साधनावर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून बघता येतो. उलट चूकही होते: व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो, तो पुन्हा दाबला की भित्तिचित्रातले चेहरे पुसट होतात. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

अक्षराचा आकार १८ पिक्सेल आणि दोन ओळींतलं अंतर आकाराच्या १.६ ते १.७ पट. इंग्रजीसाठी केलेल्या साच्यात हे अंतर कमी असतं, आणि मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह टाळा. मराठी शब्द लांब, मोबाईलचा पडदा अरुंद. मधे भगदाडं पडतात. पानाची भाषा मराठी अशी नोंदवा. गूगल भाषा मजकुरावरूनच ओळखतं, पण काही फॉन्ट त्या नोंदीवरूनच आपला मराठी ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. वाचून दाखवणारी यंत्रंही उच्चार त्यावरून ठरवतात.

लेखाच्या पहिल्या चार ओळींत वाचक ज्यासाठी आला ते द्या. वाडा कुठे, कधी उघडा, काय बघायचं. ‘इतिहास म्हणजे काय?’ इथपासून सुरुवात करणारे लेख चौथ्या ओळीला बंद होतात. सविस्तर सांगायला खाली जागा आहेच, आणि पोटभर वाचणारा वाचक तिथपर्यंत येतो. वेळ, वार, तिकीट असं काही लिहिलंत तर ते कधी तपासलं ती तारीखही शेजारी घाला.

शेवटी दुसरा दरवाजा दाखवा. वाड्यावरच्या लेखातून कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांवरच्या लेखाकडे दुवा हवा, आणि जुन्या लेखात जाऊन नव्याचा दुवाही हवा. हे दुसरं बहुतेक जण विसरतात. ‘इथे क्लिक करा’ असं लिहू नका. ज्या शब्दांवर दुवा आहे त्यांतूनच पुढे काय आहे ते कळावं.

आकड्यांत काय बघायचं

आपली पानं शोधात कशी दिसतात ते सांगणारं गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. आपली साइट आपलीच आहे हे सिद्ध करायचं, साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) द्यायचा, आणि थोडे दिवस थांबायचं. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्ही साइटमॅप आपोआप बनवतात. नवा लेख सापडत नसेल तर ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये पत्ता टाकला की तो नोंदला गेलाय का ते दिसतं, आणि नसेल तर तिथूनच नोंदवायची विनंती करता येते. रोज तीच विनंती केल्यानं काही लवकर होत नाही.

खरा खजिना ‘परफॉर्मन्स’मधल्या शब्दांच्या यादीत आहे. लोकांनी काय टाइप केलं, तुमचं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, सरासरी कितव्या जागी होतं. मागचे १६ महिने दिसतात. या शब्दांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही म्हणून घाबरू नका. फार थोड्या लोकांनी टाकलेले शब्द खासगीपणासाठी लपवले जातात, आणि लहान साइटच्या बाबतीत तो हिस्सा मोठा असतो.

यादीत दोन प्रकारच्या ओळी शोधा. एक, पान वरच्या पाचांत दिसतंय पण उघडत कोणी नाही: तिथे शीर्षक आणि खालची वर्णनाची ओळ बदला. ब्लॉगरमध्ये ही ओळ लिहिण्याची सोय सेटिंग्जमधल्या मेटा टॅग्जमध्ये आधी सुरू करावी लागते. दोन, पान आठव्या ते पंधराव्या जागी अडकलंय: तिथे बहुधा शोधलेल्या शब्दाचं उत्तर लेखात अर्धवट आहे. ‘तांबेकर वाडा वेळ’ असं लोक शोधतायत आणि लेखात वेळच नाही, असं साधंसं कारण निघतं. नवा लेख लिहिण्याआधी हे दुरुस्त करा, यात वेळ कमी जातो आणि वाचक जास्त येतात.

व्हॉट्सॲपवरून आलेले वाचक आकड्यांत बरेचदा ‘डायरेक्ट’ म्हणून दिसतात, जणू सगळ्यांनी पत्ता पाठ केला होता. ते वेगळे दिसावेत तर लिंकच्या शेवटी यूटीएमचं शेपूट (वाचक कुठून आला ते सांगणारे शब्द) जोडून ग्रुपसाठी वेगळी लिंक करता येते. लिंक लांबते, पण चौकोन नीट आला तर ते कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कुठल्या तारखेला बदलली ते वहीत लिहा. शीर्षक बदललं तर निदान चार आठवडे त्याला हात लावू नका. मधे गणपती किंवा नवरात्र येत असेल तर सणाचे दिवस वगळून आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांची तुलना करा, नाहीतर गरब्याच्या गर्दीचं श्रेय तुम्ही शीर्षकाला द्याल.